नाशिकहून गोथेनबर्गला: एका क्वायरची चौदा महिन्यांची तयारी

देशादेशांचे क्वायर, म्हणजे वेगवेगळ्या आवाजांत एकत्र गाणारे गायकवृंद, टीव्हीवर एकमेकांसमोर उभे राहून गात अशी एक स्पर्धा युरोपात झाली: युरोव्हिजन क्वायर. पहिली स्पर्धा २२ जुलै २०१७ ला लाटव्हियातल्या रिगा शहरात झाली. नऊ देश होते आणि स्लोव्हेनियाचा ‘कार्मेन मानेत’ हा मुलींचा क्वायर जिंकला. गंगापूर रोडवरच्या आमच्या तालमीच्या खोलीत त्याचं चित्रीकरण लॅपटॉपवर लावलं, तेव्हा सगळ्यांच्या तोंडी एकच प्रश्न आला: आपल्याला जाता येईल का? आजही नाशिकच्या, धुळ्याच्या, नगरच्या गाणाऱ्या मंडळींकडून हाच प्रश्न येतो, म्हणून सगळं तारीखवार लिहून काढतो आहोत.

उत्तर आधी. त्या टीव्ही स्पर्धेत भारतातून अर्ज करता येत नव्हता. युरोपियन ब्रॉडकास्टिंग युनियनचे सदस्य प्रसारक आपापला क्वायर पाठवत. म्हणूनच वेल्सचा क्वायर वेल्श भाषेच्या वाहिनीतर्फे आला आणि स्कॉटलंडचा गेलिक वाहिनीतर्फे. पण या स्पर्धेची भागीदार असलेली इंटरकुल्टुर ही जर्मन संस्था जगभरच्या क्वायरना खुले असलेले मेळावेही भरवते. वर्ल्ड क्वायर गेम्स त्यांचेच. २०१० मध्ये चीनमधल्या शाओशिंगला शिलाँग चेंबर क्वायरने सुवर्ण मिळवलं ते तिथेच. २०१९ मध्ये स्वीडनच्या गोथेनबर्गला ३ ते १० ऑगस्ट या काळात त्यांचे युरोपियन क्वायर गेम्स होते आणि टीव्हीवरची युरोव्हिजन क्वायरही ३ ऑगस्टलाच, शेजारच्या पार्टिले अरीनात. जून २०१८ मध्ये ठरवलं: टीव्हीची स्पर्धा प्रेक्षागृहातून बघायची आणि खुल्या स्पर्धेत गायचं.

गायक अठ्ठावीस: सोप्रानो (स्त्रियांचा वरचा आवाज) आठ, अल्टो (स्त्रियांचा खालचा) आठ, टेनर (पुरुषांचा वरचा) सहा, बास (पुरुषांचा खालचा) सहा. शिवाय संचालिका आणि टाळ-मृदंग सांभाळणारा एक जण, असे तीस. नाशिकमध्ये सोप्रानो आणि अल्टो मिळतात. खरा बास मिळत नाही. भजनी मंडळातले पुरुष वरच्या पट्टीत गायला सरावलेले असतात, खाली उतरायचं म्हटलं की आवाज घशात अडकतो. सहांपैकी चार बास आम्ही मुळात टेनरमधून घेतले आणि त्यांना खालचा आवाज उघडायला आठ महिने दिले. हे काम पहिल्या दिवशी सुरू करावं लागतं, नंतर ते होत नाही.

यातला सगळ्यात मोठा धडा गाण्याचा नव्हता, कागदाचा होता. या स्पर्धांत परीक्षक चार गोष्टी पाहतात: सुरेलपणा, आवाजाचा दर्जा, स्वरलिपीशी प्रामाणिकपणा आणि एकूण कलात्मक परिणाम. तिसरी गोष्ट आपल्याकडे कुणी पाहतच नाही. आपलं समूहगान कानावर चालतं. बाई गातात, बाकीचे उचलतात, दुसऱ्या दिवशी एखादी हरकत, म्हणजे सुराचं छोटं वळण, बदलली तर ती गोडच लागते. तिथे परीक्षकांच्या हातात तुमच्या रचनेचं स्टाफ नोटेशन, म्हणजे पाच रेघांवर लिहिलेली स्वरलिपी, असतं आणि पेन्सिल असते. जे लिहिलंय ते गायचं आणि जे गाता तेच लिहायचं.

तीन रचना निवडल्या. पहिली जात्यावरच्या ओव्यांची, दुसरी पालखीच्या चालीवर बांधलेली आणि तिसरी सोळाव्या शतकातलं एक लॅटिन मोटेट, म्हणजे चर्चमध्ये गायचं समूहगीत. ओव्या दिंडोरी तालुक्यातल्या दोन आज्यांकडून मोबाइलवर मुद्रित करून घेतल्या होत्या. त्यांना आधी सांगितलं होतं की हे बाहेरच्या देशात गायलं जाईल, आणि संमती कागदावर घेतली होती. अर्जात ‘संगीतकार’ असा रकाना असतो, तिथे ‘पारंपरिक, नाशिक जिल्हा’ लिहिलं. मांडणी करणाऱ्याचं नाव वेगळ्या रकान्यात जातं.

इथे एक सावधगिरी. संतांचा अभंग घेतला म्हणजे हक्कांचा प्रश्न सुटला असं बहुतेकांना वाटतं. शब्द कुणाच्याही मालकीचे नसतात हे खरं, पण आपण गातो ती चाल अनेकदा विसाव्या शतकातल्या एखाद्या संगीतकाराची असते. भारतात हक्क मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो, युरोपात ७०. टीव्हीवर किंवा इंटरनेटवर प्रक्षेपण असेल तर परवानगी लेखी लागते. छापील स्कोअरच्या, म्हणजे स्वरलिपीच्या प्रतीच्या, झेरॉक्सही चालत नाहीत; परीक्षकांना मूळ प्रती द्याव्या लागतात, किंवा प्रकाशकाचं पत्र. मोटेटच्या तीस प्रती आम्ही पैसे भरून उतरवून घेतल्या आणि पावती फाइलला लावली. ती पावती स्वीडनमध्ये नोंदणीच्या टेबलावर दाखवावी लागली.

ओवी स्वरलिपीत लिहायला अडीच महिने गेले. म्यूझस्कोर हे मोफत सॉफ्टवेअर वापरलं. ओवीला चार मात्रांचा ठोका नसतो. जात्याचा एक फेरा म्हणजे तिचं माप, आणि पीठ जाडं-बारीक असेल तसा फेराही लांबतो-आखडतो. आधी आम्ही ती सहा-आठच्या तालात बसवली. ऐकल्यावर ती ओवी राहिलीच नव्हती, बालगीत झालं होतं. मग तालाचं चिन्ह काढून टाकलं, प्रत्येक चरणाला तुटक रेघ दिली आणि वर सेकंदांत अंदाज लिहिला. युरोपातल्या जुन्या चर्चसंगीतातही असं लिहितात, त्यामुळे परीक्षकांना ते परकं वाटत नाही.

मग कण, मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) आणि मुरकी (सुरांचं झटपट वळण). पहिल्या आवृत्तीत आज्यांच्या गळ्यातली प्रत्येक मुरकी छोट्या सुरांत उतरवली होती. कागद सुंदर दिसत होता. आठ सोप्रानोंनी गायल्यावर नुसता चिखल झाला, कारण एकीची मुरकी अर्ध्या मात्रेवर संपायची, दुसरीची पाऊण मात्रेवर. संचालिकेने नियम केला: आठ जणींना पाच तालमींत तंतोतंत सारखी जमली नाही ती मुरकी कागदावरून जाणार. त्रेसष्टपैकी एकोणीस उरल्या. मींड ठेवली, पण ती कोणत्या क्षणी सुटते आणि कुठे टेकते ते दोन्ही बाजूंना लिहिलं. नुसती तिरकी रेघ काढून सोडली की प्रत्येक जण ती आपल्या सोयीने ओढतो. पहिल्या चरणात मात्र एकच आवाज ठेवला आणि तिथे ‘गायिकेच्या मर्जीने’ अशी सूचना लिहिली. कागदावर मोकळीक लिहून ठेवली की ती घेणं नियमात बसतं. हे आधी कुणी सांगितलं असतं तर आमचा एक महिना वाचला असता.

उच्चारांचं वेगळं पान करावं लागतं. मूळ शब्द, रोमन लिपीत उच्चार आणि इंग्रजी अर्थ. मराठीतले दोन ‘च’ इथे घोळ घालतात. ‘चहा’तला आणि ‘चाका’तला ‘च’ वेगळे आहेत, ते आपण विचार न करता बोलतो, रोमनमध्ये ते वेगळे लिहावे लागतात. ‘झ’चंही तसंच. परीक्षकांना मराठी येत नसली तरी अठ्ठावीस तोंडं एकाच वेळी एकाच आकाराची उघडतात का, ते त्यांना दिसतं आणि ऐकू येतं. ‘ळ’ लांबवता येत नाही, जीभ टाळूला लागली की सूर तुटतो. म्हणून सूर आधीच्या स्वरावर (अ, आ, इ यांसारख्या) धरायचा आणि ‘ळ’ पुढच्या मात्रेच्या अगदी तोंडाशी आपटायचा. शब्दाच्या शेवटचा अर्धवट ‘अ’ गायचा की गिळायचा हे प्रत्येक ठिकाणी ठरवून पेन्सिलीने नोंदवलं. या एका बाबीवर चार रविवार गेले.

आता सूर उतरण्याबद्दल, कारण प्रत्येक नवा क्वायर इथेच गडगडतो.

ओव्यांची रचना पांढरी दोनमध्ये, म्हणजे हार्मोनियमच्या त्या पट्टीला ‘सा’ मानून होती आणि साथ नव्हती. संपल्यावर ट्यूनिंग फोर्क (एकच पक्का सूर देणारा धातूचा चिमटा) वाजवून पाहिला तर चार मिनिटांत आम्ही अर्धा सूर खाली, जवळजवळ काळी एकवर आलेलो असायचो. गाताना कुणालाच कळत नाही, कारण सगळे मिळून उतरतात. मोबाइलवरच्या ट्यूनरने चरणाचरणाला मोजलं आणि तीन कारणं हाती लागली.

एक म्हणजे गंधार, सप्तकातला ‘ग’. हार्मोनियमवर सा ते शुद्ध गंधार ४०० सेंट असतो (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग). तानपुऱ्यातून आपोआप ऐकू येणारा गंधार ३८६ सेंट. आमचे अर्धे गायक हार्मोनियमवर शिकलेले, अर्धे तानपुऱ्यावर, म्हणजे एकाच अल्टोत दोन गंधार. त्यातला खालचा गंधार धरून कुणी त्यालाच पुढच्या वाक्याचा आधार मानला की सगळी इमारत चौदा सेंट खचते, आणि असं सात वेळा झालं की अर्धा सूर गेला. उपाय सोपा होता पण कंटाळवाणा: दर तालमीत वीस मिनिटं बासने ‘सा’ तोंड मिटून धरायचा आणि बाकीच्यांनी एकेक करून गंधार त्यावर ठेवायचा. थांबलेल्या सुरांत तानपुऱ्याचा गंधार, आणि नजर नेहमी ‘सा’वर. शेजारच्याच्या गंधारावर विसंबायचं नाही.

दुसरं कारण उतरती वाक्यं. उतरताना माणूस पायरी मोठी घेतो, चढताना लहान. संचालिका उतरताना तळहात वर करून दाखवायची. तिसरं कारण थकवा. रात्री साडेआठ ते दहाच्या तालमीत सूर सर्वांत जास्त पडायचा. नोकरी करणाऱ्यांना ती वेळ सोयीची होती, तरी जानेवारी २०१९ पासून मुख्य तालीम रविवारी सकाळी आठला आणली. नोंदवहीत फरक दोन आठवड्यांत दिसला.

प्रवेशासाठीचं ध्वनिचित्रमुद्रण ऑक्टोबर २०१८ मध्ये केलं. एका शाळेचं सभागृह सकाळच्या चार तासांसाठी ४,००० रुपयांना मिळालं. मुद्रण सलग हवं, मध्ये कापलेलं नको, आवाजावर नंतर संस्कार केलेले नकोत. पहिला प्रयत्न वाया गेला: पंखे बंद केले तरी मागच्या गल्लीत पाण्याचा पंप चालू होता आणि त्याची घरघर बरोबर बासच्या पट्टीत बसली. दुसऱ्या वेळी सकाळी सहाला पोहोचलो. दोन माइक जोडीने, सुमारे पावणेतीन मीटर उंचीवर, पहिल्या रांगेपासून साडेतीन मीटर अंतरावर. मोबाइलवर मुद्रण करणार असाल तर आवाज आपोआप वर-खाली करणारी सोय बंद करा, नाहीतर हळू गायलेला भाग फुगून येतो आणि मोठा भाग दबतो. तुमची सगळी मेहनत सपाट होते. फरशीवर सतरंज्या अंथरल्या, मागे पडदे सोडले. सात वेळा गायलो आणि तिसरं मुद्रण पाठवलं. सातवं जास्त बिनचूक होतं, पण त्यात जीव उरला नव्हता.

अर्जात प्रत्येक रचनेची लांबी सेकंदांत भरावी लागते. मर्यादा निव्वळ गाण्याच्या वेळेची असते, येण्याजाण्याची नव्हे. आमची बेरीज अकरा मिनिटं चाळीस सेकंद. घड्याळ लावून पाच वेळा मोजा आणि सर्वांत मोठा आकडा भरा, कारण मंचावर माणूस एकतर धावतो नाहीतर रेंगाळतो.

स्वीकृतीचं पत्र डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आलं. त्या रात्री कुणाला झोप लागली नाही. सकाळपासून पैशांची आणि कागदांची कामं सुरू झाली.

आमची संस्था धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली आहे, त्यामुळे नोंदणीशुल्क संस्थेच्या खात्यातून परदेशी पाठवायचं होतं. बँकेत ए-टू फॉर्म (परदेशी पैसे पाठवायचा अर्ज), संस्थेचा ठराव, स्वीकृतीपत्र, परदेशी संस्थेचं बिल आणि आयकर खात्याचा १५ सीए हा फॉर्म लागला. रक्कम करपात्र ठरत असेल आणि वर्षाला पाच लाखांवर जात असेल तर सीएचं १५ सीबी प्रमाणपत्रही तेव्हा लागायचं. आमच्या बिलावर संस्थेचं नाव संक्षेपात होतं आणि खात्यावर पूर्ण, एवढ्यावर काम नऊ दिवस अडलं. पहिल्याच पत्रव्यवहारात नोंदणीपत्रावरचं नाव अक्षर न अक्षर कळवा. पैसे पाठवताना ‘सर्व शुल्क पाठवणाऱ्याकडे’ हा पर्याय निवडा, नाहीतर मधली बँक आपला वाटा कापते आणि तिकडे थोडी रक्कम कमी पोहोचते.

तीसपैकी अकरा जणांकडे पासपोर्ट नव्हता. नेहमीचा ३६ पानी पासपोर्ट १,५०० रुपयांना, तत्काळला आणखी २,०००. नाशिकमध्येच सेवा केंद्र आहे, मुंबईला जावं लागत नाही. आधारवरचा पत्ता जुन्या भाड्याच्या घराचा आणि राहणं नव्या घरात असेल तर पोलीस पडताळणी लटकते. आमच्या दोघींचं तसंच झालं. एकीला पाच आठवडे लागले, दुसरीला आठ. आधी पत्ता बदलून घ्या, मग अर्ज करा.

नावांचा गोंधळ हे मराठी माणसाचं खास दुखणं. कॉलेजच्या दाखल्यावर आडनाव आधी, पासपोर्टवर नंतर. मधलं नाव वडिलांचं की नवऱ्याचं. लग्नानंतर बँकेत एक आणि पासपोर्टवर दुसरं. आम्ही एक तक्ता केला आणि त्यात फक्त पासपोर्टच्या फोटोच्या पानावर तळाच्या दोन ओळींत जसं छापलंय तसंच नाव उतरवलं. तिकीट, विमा, स्पर्धेची यादी, व्हिसाचा अर्ज, सगळं त्या तक्त्यातून चिकटवलं. हाताने कुणी काही टाइप करायचं नाही.

विमानकंपन्या साधारण दहापासून पुढच्या प्रवाशांना गट मानतात. थोडी अनामत भरून जागा धरता येतात आणि नावं नंतर देता येतात. पासपोर्ट व्हायचे असतील तेव्हा याचा मोठा आधार होतो. भाडं मात्र नेहमी स्वस्त असतंच असं नाही. सुट्या तिकिटांशी ताडून पाहा.

शेंगेन व्हिसासाठी (स्वीडनसह युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणारा एकच व्हिसा) तेव्हा प्रवासाच्या तीन महिने आधी अर्ज घेत. फेब्रुवारी २०२० पासून सहा महिने आधी करता येतो, आणि गटाने तो फायदा घ्यायलाच हवा. शुल्क तेव्हा ६० युरो होतं, जून २०२४ पासून ९०. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना निम्मं. केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. बोटांचे ठसे द्यायला बारा वर्षांवरच्या प्रत्येकाला स्वतः जावं लागतं. २७ मे २०१९ ला सगळे पहाटेच्या बसने मुंबईला गेलो, भिवंडीच्या अलीकडे वाहतुकीत अडकलो आणि पहिल्या सहा जणांची वेळ चुकली. त्यांना दोन दिवसांनी पुन्हा जावं लागलं. मुंबईची सकाळची वेळ असेल तर आदल्या रात्री मुक्कामाला जा. तीस जणांचा मुक्काम महाग वाटतो, पण दुसरी फेरी त्याहून महाग पडते.

प्रत्येकाची फाइल अशी लावली: अर्ज, ३५ बाय ४५ मिलिमीटरचे फोटो, निमंत्रणपत्र, संस्थेचं पत्र, रजेचं पत्र किंवा विद्यार्थ्यांसाठी बोनाफाइड, बँकेचं विवरण, आयकर विवरणपत्रं, किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा, तिकिटं, निवासाचं आरक्षण. संस्थेच्या पत्रात कोण कुठल्या आवाजात गातं, किती वर्षांपासून आहे आणि खर्च कोण करतंय हे एकेका ओळीत लिहिलं. एका टेनरच्या खात्यात अर्जाच्या आठ दिवस आधी काकांनी एकदम दोन लाख भरले होते आणि त्याचा खुलासा आम्ही जोडला नव्हता. त्याचा व्हिसा नाकारला गेला. चूक आमचीच, फाइल तपासणाऱ्यांची. अशी रक्कम आलीच तर देणाऱ्याचं पत्र आणि त्याचं बँक विवरण जोडायला हवं होतं. तो मुलगा वर्षभरात एकही तालीम चुकला नव्हता. त्याला ही गोष्ट सांगायला आम्ही तिघे त्याच्या घरी गेलो. फोनवर सांगवलं नाही.

बाकीच्यांचे पासपोर्ट १४ जूनपासून तुकड्यातुकड्यांनी परत आले. पाच टेनरवर सगळं पुन्हा बसवायला सहा आठवडे मिळाले. एक अल्टो दोन वाक्यांपुरती टेनरमध्ये घेतली आणि तो बदल स्कोअरवरही केला.

खर्च माणशी साधारण १,३५,००० रुपये आला. त्यात विमान, निवास आणि स्पर्धेचं पॅकेज, व्हिसा आणि विमा, कपडे आणि तिकडचं खाणंपिणं धरलं आहे. सभागृहं, स्कोअर आणि मुद्रणाचा खर्च संस्थेने केला. दोन कार्यक्रमांतून आणि देणग्यांतून जमलं त्यातून सात विद्यार्थ्यांचा अर्धा खर्च उचलला. आज कुणी टूर कंपनीकडून पॅकेज घेणार असेल तर ऑक्टोबर २०२० पासून त्यावर टीसीएस, म्हणजे विकणाऱ्याने आधीच वसूल करायचा आयकर, कापला जातो हे धरून चला. तो विवरणपत्रातून परत मिळतो, पण आधी खिशातून जातो. दर मधूनमधून बदलतात, त्या महिन्याचा विचारून घ्या.

कपड्यांबद्दल थोडं. आधी पैठणी ठरली होती. जरीचे काठ मंचावरच्या दिव्यांत चकाकतात आणि कॅमेऱ्यात चेहऱ्यापेक्षा पदर दिसतो. बारीक चौकड्या आणि बारीक पट्टे कॅमेऱ्यात लहरी मारतात. शेवटी सुती नऊवारी, एकाच विणकराकडून, गडद हिरव्या रंगात. पुरुषांना पांढरा सदरा आणि धोतर. काकणं काढायला लावली, कारण हळू भागात अठ्ठावीस माणसांतली चार काकणंही ऐकू येतात.

निघालो ३० जुलैला. पावसाळ्यात कसाऱ्याचा घाट आणि मुंबईचे रूळ यांच्यावर विसंबून त्याच दिवशीचं विमान धरू नका. आम्ही एक रात्र मुंबईत थांबलो. मृदंगाची वादी सैल करून तो कपड्यांत गुंडाळून मोठ्या सामानात टाकला. टाळही मोठ्या सामानात. केबिन बॅगेत ठेवले तर सुरक्षा तपासणीत उघडून दाखवत बसावं लागतं.

गोथेनबर्गला ऑगस्टमध्ये रात्री नऊनंतरही उजेड असतो आणि वेळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे. पहिले दोन दिवस सगळे पहाटे चारला जागे. बंद खोल्यांतली हवा कोरडी, घसे लगेच बसतात. खोलीत ओला टॉवेल वाळत घालणं आणि घोटघोट पाणी पिणं याने खूप फरक पडला. रोख पैसे जवळजवळ कुठेच लागत नाहीत, कार्ड हवं.

३ ऑगस्टच्या रात्री पार्टिले अरीनात टीव्हीची स्पर्धा पाहिली. पहिल्या फेरीत प्रत्येकाला चार मिनिटं. त्यातून तीन क्वायर पुढे आणि त्यांना आणखी तीन मिनिटं. चार मिनिटं म्हणजे आपल्याकडे आलापही पुरा होत नाही. पण तेवढ्यात एक आरंभ, एक वळण आणि एक शेवट बसवलेला असतो. परीक्षकांत क्वायरसाठी लिहिणारे इंग्रज संगीतकार जॉन रटर होते. डेन्मार्कचा ‘व्होकल लाइन’ जिंकला, स्लोव्हेनियाचा ‘जाझवा’ दुसरा, नॉर्वेचा ‘वोल्वे वोकाल’ तिसरा. तिथे बसून एक गोष्ट नीट उमगली. सभागृहात क्वायर एकच आवाज म्हणून ऐकू येतो. कॅमेरा मात्र त्यातून एकेक चेहरा वेचून काढतो, त्यामुळे मागच्या रांगेतल्यालाही लपायला जागा नसते. परतल्यावर त्याच रात्री हॉटेलच्या जिन्याखाली आम्ही फाइल न घेता तिन्ही रचना गायलो आणि मोबाइलने एकेकाचा चेहरा टिपला. चार जण जमिनीकडे बघत होते.

दुसऱ्या दिवशी घरून फोन सुरू झाले. गोदावरीला पूर आला होता, नदीपात्रातला दुतोंड्या मारुती पाण्याखाली गेला होता. दोघींची घरं नदीकाठच्या बाजूला. त्या दिवशीची तालीम आम्ही रद्द केली आणि सगळ्यांच्या घरी फोन होईपर्यंत एकत्र बसून राहिलो.

स्पर्धेच्या दिवशी वेळापत्रक मिनिटांत चालतं. आवाज तापवायची खोली थोडा वेळ मिळते, मग रांगेत उभं राहणं, मग मंच. आधीच्या मंच-तालमीत गाऊन वेळ घालवू नका. आत येण्याची रांग, उभं राहण्याच्या जागा, पायऱ्यांची उंची आणि सभागृहाची गुंज, एवढंच बघा. आम्ही ओवीतल्या दोन चरणांमधली शांतता तिथे एका श्वासाने वाढवली, कारण गुंज तालमीच्या खोलीच्या कितीतरी पट होती. नऊवारीत पायरी चढणं वेगळं असतं, तेही तिथेच तपासलं. सूर देणाऱ्याने फोर्क कानाशी धरून ‘सा’ गुणगुणायचा आणि तो चारही आवाजांकडे जाईपर्यंत थांबायचं. घाई इथेच होते.

मोटेटमध्ये दुसऱ्या पानावर टेनर अर्धी मात्रा आधी सुटले. पाच जण होते, सहावा असता तर सावरला असता असं अजूनही वाटतं. ओव्या मात्र पांढरी दोनमध्ये सुरू झाल्या आणि पांढरी दोनमध्येच संपल्या. बाहेर आल्यावर बासमधल्या एकाने खिशातला फोर्क काढून सगळ्यांच्या कानाला लावला.

पदविका गुणांच्या पट्ट्यांवर मिळतात, सुवर्ण, रौप्य आणि कांस्य, त्यामुळे एकाच गटात अनेकांना सुवर्ण मिळू शकतं. आम्हाला रौप्य मिळालं. त्याहून उपयोगी ठरली ती परीक्षकांशी झालेली चर्चा. एका परीक्षकांनी ओवीच्या स्कोअरवर बोट ठेवून विचारलं, पहिल्या चरणात गायिकेला मोकळीक आहे, मग तिसऱ्यात का नाही? तिसऱ्या चरणात आम्ही सात मुरक्या खोडल्या होत्या, तीच जागा.

परत आल्यावर महिनाभरात करायच्या गोष्टी: परदेशी पैसे पाठवल्याची बँकेची पावती आणि बिलं लेखापरीक्षणाच्या फाइलला लावणं, देणगीदारांना हिशेब पाठवणं, स्कोअरच्या अंतिम आवृत्तीवर तारीख घालून जुन्या आवृत्त्या वेगळ्या ठेवणं. दिंडोरीला जाऊन दोन्ही आज्यांना मुद्रण ऐकवलं. एकीने तिसऱ्या चरणाला थांबायला सांगितलं आणि तो स्वतः गाऊन दाखवला. आम्ही तो पुन्हा मुद्रित करून घेतला आहे. त्या चरणाची नवी स्वरलिपी सध्या चालू आहे, एका आवाजासाठी, बाकीच्यांनी ‘सा’ धरून.